दोन्ही जावई सारखेच

आजवर बायकोजवळही बोललो नाही, ते आधी सांगून टाकतो. सासरची माणसं मला माझ्या थोरल्या साडूंच्या बरोबरीला बसवत, तेव्हा ते खरं नाही हे मला ठाऊक असायचं, आणि तरी मी ते गोड मानून घ्यायचो. बरोबरीला बसवत तेही कुणाच्या, तर जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी सारख्या असतात हे ज्याला मुळीच मान्य नाही, अशा सबंध सोलापुरातल्या एकमेव माणसाच्या.

साडू इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. जुळे सोलापूर भागात राहतात आणि संध्याकाळी पुढच्या खोलीत शिकवणी घेतात. इंग्रजीत क्रियापदं काय थोडी आहेत, पण यांचा जीव एकातच अडकलेला: इक्वेट. म्हणजे दोन गोष्टी एकच मानून मोकळं होणं. पोलिसांनी सराईत चोराचा फोटो दाखवावा तसं हे क्रियापद ते मुलांना दाखवतात. त्याला प्रतिशब्द म्हणून कुणी कम्पेअर सांगितलं की चष्मा काढून हातात घेतात. "कम्पेअर करणारा दोन्हीकडे बघतो. लायकन करणारा साम्य दाखवतो आणि दोघांना आपापल्या घरी सोडून येतो. इक्वेट करणारा बघायचंच थांबवतो." शब्दकोशात हे सगळे शब्द एका ओळीत बसवलेले असतात, त्याचाही त्यांना राग. एका बाकावर बसली म्हणून पोरं सख्खी भावंडं होतात का, असं विचारतात. वाक्यात उपयोग करा म्हटलं की मुलं, गुणांना बुद्धीशी इक्वेट करू नका, एवढं लिहून मोकळी होतात. त्यावर काट मारून साडू म्हणतात, घरचं वाक्य आणा. एका मुलीने लिहिलं, माझी आजी माझ्या तापाला नाटकाशी इक्वेट करते. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी साडू त्या आजीला समजावायला तिच्या घरी गेले. आजीने त्यांना चहा पाजला आणि नात लबाड आहे म्हणून सांगितलं.

हे शिकवणीपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. हॉटेलात मी सवयीने, यांना दिला तसाच चहा मला, असं म्हणालो की तो तसा कसा असेल, माझा चहा आधण उतरताना घेतलाय, असं मला ऐकून घ्यावं लागे. नात्यातल्या एका मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाचे वडील मोठ्या मनाने म्हणाले, सून आम्हाला मुलीसारखीच. सगळ्यांनी माना डोलावल्या. साडूंनी शांतपणे विचारलं, तुमची मुलगी किती वाजता उठते? आठला. मग सूनही आठलाच उठेल ना? सुपारी फुटायला तास गेला. ती मुलगी अजून आठला उठते असं ऐकतो, पण घरात साडूंचं नाव काढत नाहीत.

एकदा अधिक महिन्यात सासूबाईंनी आम्हा दोघा जावयांना मंद्रूपला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. दोघांना एकाच रंगाच्या, एकाच वजनाच्या सोलापुरी चादरी. दुजाभाव नको म्हणून बिचाऱ्यांनी स्वतः निवडून आणलेल्या. साडूंनी चादर मांडीवर घेतली आणि सुरू झाले. यांना थंडी जास्त वाजते, मला कमी. सारखी चादर म्हणजे सारखी ऊब नव्हे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जावई, दुसरा रंग पायजे आसंल तर सरळ सांगा की. भाकरी गार व्हायलीय." साडू इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला वाटतं, या दोघांचं खरं जमलं ते त्या दिवशी.

पुढे सासूबाई मंद्रूपच्या घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि साडू त्यांना आपल्या घरी घेऊन आले. थोडे महिने तुमच्याकडे, थोडे आमच्याकडे, असं ठरत होतं. मी म्हटलं, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. लिफ्ट खरंच बंद होती, आठवडाभर. मग चालू झाली. बायकोने विषय काढला नाही, मीही काढला नाही. दिवाळीत साडू फराळाला आले ते लिफ्टनेच वर आले. "चालू झाली वाटतं," एवढंच म्हणाले आणि चिवड्यात दाणे कमी आहेत यावर बोलत बसले.

मेहुणीचे गुडघे धरलेले, तेव्हा म्हातारीला उठवणं, बसवणं, संडासाचं भांडं देणं, आमटीत भाकरी कुस्करून भरवणं, सगळं साडूंनी केलं. मी दर रविवारी केळी घेऊन जायचो, पलंगाशेजारच्या खुर्चीत बसायचो आणि कशा आहात विचारायचो. घरी परतताना वाटायचं, चला, आपलंही झालं. ते त्यांच्या परीने करतात, आपण आपल्या परीने.

सासूबाईंच्या तेराव्याला पंगत बसायच्या आधी मंद्रूपचे मामेसासरे सगळ्यांसमोर म्हणाले, "दोनी जावयांनी सारकंच केलं म्हातारीचं. डावं उजवं काय न्हाय."

मी खाली बघितलं. आता साडू चष्मा काढणार, आणि आयुष्यात एकदा तरी त्यांची दुरुस्ती अगदी बरोबर असणार. चष्मा डोळ्यांवरच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मामा, पानं वाढलीत," म्हणाले, "बसून घेऊ या." मी त्यांच्या शेजारी बसून जेवलो.

नंतर हात धुताना मी विचारलंच, तुम्ही बोलला का नाही? टॉवेल माझ्या हातात देत म्हणाले, "तो काय पेपर होता का तपासायला, साडूभाऊ?"

तेव्हापासून ते माझ्या बोलण्यातली चूक काढत नाहीत. बाकी सगळ्यांची काढतात. रिक्षावाल्याला, भाजीवालीला, माझ्या बायकोलासुद्धा सोडत नाहीत. मी मुद्दाम चुकीचं बोलून बघतो. यांचं नि त्यांचं एकच, म्हणतो. ते हं म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. त्या घरात मलाच तेवढं पाहुण्यासारखं वागवलं जातं.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. मामा येतील, तीच माणसं बसतील. आम्ही सारखं केलं नाही. त्यांनी केलं आणि मी येऊन जात होतो. एवढं त्या पंगतीत, साडूंच्या देखत, मला अजून सांगायचं आहे.