बार्शीच्या सुशीलाबाईंची कानडी

अंगात येणं, झपाटणं, मेलेलं माणूस बोलणं… असलं कुणी सांगायला लागलं की मला आधी हसू येतं. मी अक्कलकोटची. लहानपणी घुमणाऱ्या बायका चिक्कार बघितल्या. बाकीचे हात जोडायचे आणि मी बघायचे, की घुमताना बाई पदर सावरते का. हमखास सावरायची! मग कसली देवी आणि कसलं काय.

तेव्हा हे वाचून मला वेड्यात काढायचं असेल तर खुशाल काढा. पण जे झालं ते भर दुपारी झालं, सोलापूरच्या कोर्टात, बंद दाराआड. आणि मी तिथे शपथ घेऊन उभी होते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी कोर्टात टायपिस्ट होते. आमच्या घरची बोली कानडी, त्यामुळे कानडी साक्षीदार आला की दुभाषी म्हणून मलाच बोलावणं यायचं. मला त्याचा अभिमान होता. भलताच होता म्हणा.

त्या उन्हाळ्यात एका खटल्यासाठी विशेष न्यायालय बसलं. विशेष म्हणजे काही वेगळी इमारत नव्हे… खोली तीच, खुर्च्या त्याच, फक्त न्यायाधीश बाहेरगावचे आणि दार बंद. सीमेवरच्या खेड्यातल्या मुली नोकरीच्या नावाखाली मुंबईला न्यायच्या, तिथून आखातात पाठवायच्या, असं प्रकरण होतं. त्यातली एक, गौरव्वा, विमानात बसायच्या आधी सापडली. वय सोळा, पासपोर्टवर मात्र चोवीस, आणि नाव भलतंच.

तिचं लग्न लहानपणीच झालेलं, नवरा वारला होता, आईही वारली होती. मुंबईत तिचा जबाब घेताना ती एवढंच म्हणाली होती, "मावनं मला नेलं, त्या माणसाच्या हवाली केलं." ऐकणाऱ्यानं मराठीत करून टाकलं — मामानं नेलं. झालं! तिचा मामा सिद्दप्पा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर चादरी विणायचा, तो थेट आरोपी. आणि फिर्याद देणारा सासरा बाहेर बाकावर बसलेला. पांढरं धोतर, फेटा, सुनेला घरी न्यायला आलेला.

आता गंमत अशी, की आमच्या कानडीत मामाही माव आणि सासराही माव. मामाच्या घरातच मुलगी द्यायची पद्धत, मग दोन शब्द लागतात कुणाला! गौरव्वाला मात्र परक्या घरी दिलेली.

मी हे पहिल्याच दिवशी न्यायाधीशसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग विचारा तिला, कोणता माव?"

सरकारी वकील लगेच उठले. "साहेब, मोघम विचारू द्या. उत्तर सुचवायचं नाही."

बरोबरच होतं. आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नसतो, आणि दुभाषीनं तर पदरचं अक्षरही घालायचं नसतं. मी विचारलं, "याव माव?" कोणता माव? गौरव्वानं बाहेरच्या दाराकडे बघितलं आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशीही तेच.

पोरगी बोलली नाही तर मामा तुरुंगात जाणार आणि ती त्या फेटेवाल्याच्या ताब्यात. हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

आणि तिच्या शेजारी कोण बसलेली? सुशीलाबाई! महिला संरक्षणगृहातली मदतनीस. मुलगी घाबरू नये म्हणून कोर्टानं तिला पिंजऱ्यात उभं न करता खुर्ची दिली होती, मामाला पडद्याआड बसवलं होतं आणि सुशीलाबाईंना जवळ बसायची परवानगी दिली होती. बाई बार्शीच्या. कानडीचा गंध नाही. पण गौरव्वा त्यांचा हात सोडायला तयार नव्हती. मी तिच्याच भाषेत गोड बोलून दमले, ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. आणि ह्या बाई, "खा की गं माजी बाय, लई वाळलीस," असं म्हणायच्या आणि ती खायची! जळफळाट व्हायचा माझा. भाषा माझी, पोरगी माझ्या मुलखाची… आणि लळा हिचा?

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीनंतर मी पुन्हा विचारलं, "याव माव?"

उत्तर आलं. पण सुशीलाबाईंच्या तोंडून.

"नन्न तम्म अल्लव्वा. हेळ, अंजब्याडा."

माझा भाऊ नव्हे गं. सांग, भिऊ नको. अगदी सीमेवरची कानडी, हेल काढून. आवाज बारीक, थकलेला, खोकून खोकून बसलेल्या बाईचा. सुशीलाबाईंचा आवाज कसा, तर भाजीवालीला हाक मारली तर दोन गल्ल्यांत ऐकू जाईल असा. त्या समोर भिंतीकडे बघत होत्या. पदरबिदर काही सावरला नाही.

गौरव्वानं मान वर केली. "अव्वा?" म्हणाली. आई?… आणि मग धरण फुटल्यासारखी बोलत सुटली. "गंडन अप्प! गंडन अप्पनं नेलं मला!" नवऱ्याचा बाप. गाडी कुठून पकडली, कुणाच्या घरी ठेवलं, तोंड उघडलंस तर मामाला मारीन म्हणाला, सगळं. मी मराठीत करून सांगत होते.

सरकारी वकील ओरडले, "साहेब, साक्षीदाराला पढवलं जातंय!"

साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला कानडी येते?"

सुशीलाबाई दचकल्या. "मला? न्हाय ओ सायेब. मी बार्शीची की! काय झालं? मी कुटं काय बोलले?"

साहेब माझ्याकडे वळले. "दुभाषीबाई, यांना कानडी येते का?"

मी "येत असेल" म्हटलं असतं तर पोरीची साक्ष तिथेच बाद. आणि खरं सांगते, मनात आलं होतं, की मला जे तीन दिवस जमलं नाही ते हिनं एका वाक्यात करावं? पण मी म्हणाले, "नाही साहेब. एक शब्द येत नाही."

"ज्या भाषेचा गंध नाही, त्या भाषेत पढवणार कसं?" साहेब म्हणाले. "साक्ष पुढे चालू द्या."

मामा सुटला. सासऱ्याला बाकावरूनच उठवून नेलं. गौरव्वा जाताना सुशीलाबाईंच्या गळ्यात पडून रडली. मला नमस्कारही नाही.

मी नंतर त्या बाईंची परीक्षा घेतली. हसत हसत तोंडावर म्हटलं, "निन्न मारी मंग्यानंग ऐति." म्हणजे तुझं तोंड माकडासारखं आहे. तर म्हणाल्या, "काय ग्वाड भाषा हाय हो ताई तुमची!" आता ह्या माणसावर चिडायचं तरी कसं? चिडले तरीही.

लोक म्हणाले, संरक्षणगृहात कानावर पडलं असेल. पण तिथे पोरगी बोलतच नव्हती! आणि 'माझा भाऊ नव्हे' हे म्हणायला मामाची बहीणच लागते.

माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. मी सोलापुरात कामावर होते, पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या खटल्यानंतर मी डबा घेऊन संरक्षणगृहात जायला लागले. सुशीलाबाईंच्या शेजारी बसायचे, त्यांचा हात हातात घ्यायचे आणि कानडीतून गावाकडच्या गोष्टी काढायचे.

"ताई, काय पायजे तुमास्नी?" त्या विचारायच्या.

"काही नाही. बसा अशाच."

त्या बसायच्या बिचाऱ्या. बार्शीच्या मराठीत मुलांचं, दिराचं, लोणच्याचं बोलत राहायच्या.

त्या दुपारी काय झालं याचा उलगडा मला आजही झालेला नाही, आणि आता तो नकोही आहे. मला एकच कळत नाही… गौरव्वासाठी तिची आई आली. मी इतकी वर्षं हात धरून बसले, माझी का नाही आली?