शिक्का उतरलाय का?

"शिक्का उतरलाय का बगा."

दुकानात पाऊल टाकलं की त्यांचं पहिलं वाक्य हेच. माझं पनवेलला चष्म्याचं दुकान आहे आणि ते यायचे भिंगासाठी. सदऱ्याच्या आतून प्लॅस्टिकमध्ये जपलेलं एखादं पिवळट पाकीट काढायचे, काउंटरवरच्या फ्रेमा कोपराने बाजूला सारायचे आणि मला वाकायला लावायचे.

तुम्ही म्हणाल, हे काय प्रकरण? गृहस्थ पनवेलजवळच्या कोन गावचे. रस्त्यात जमीन गेली, हातात पैसा आला. भाऊबंदांनी बंगले बांधले, गाड्या घेतल्या. यांनी अमेरिकेतली जुनीपुराणी पाकिटं घेतली, वर पहिल्यावहिल्या काळातली तिकिटं चिकटलेली. सुटं तिकीट त्यांना चालत नसे. पोस्टाचा शिक्का तिकिटावरून खाली पाकिटावर उतरलेला हवा, म्हणजे ते तिकीट मूळ त्याच पाकिटाचं.

"मेल्या मानसांची पाकिटं, ती पन रिकामी!" असं त्यांची बायको मला ऐकवायची, जणू ती मीच विकली होती.

हीच कसोटी ते माणसांनाही लावत. समोरच्या टॉवरमधले भाडेकरू म्हणजे "आज चिकटले, उद्या पडतील." मी लातूरहून येऊन वीस वर्षं होऊन गेली, पण मलाही सूट नव्हती. "चष्मेवाले, तुमी नुस्ते बसलेत पनवेलवर. शिक्का नाय उतरला." मी हसायचो, पण लागायचं. कारण कुणी विचारलं की मीही "मूळचा लातूरचा" असंच सांगायचो, आणि लातुरात मला पनवेलचे पाहुणे म्हणायचे. मग मी कुठला?

त्यांचं सगळ्यांत लाडकं पाकीट होतं पाच सेंटांच्या तपकिरी तिकिटाचं. ते नीट दिसावं म्हणून मी हौसेने त्यांना एक नवं, जोरदार भिंग दिलं. दुसऱ्या दिवशी भिंग काउंटरवर हजर.

"परत घ्या. जुनंच बरं होतं."

नव्या भिंगाने घात केला होता. शिक्क्याची रेघ तिकिटाच्या कडेलाच संपत होती. पाकिटावरची पुढची रेघ कुणीतरी ब्रशने ओढलेली होती. तिकीट दुसरीकडचं, आणून चिकटवलेलं.

आता हे पाकीट फाडणार, असं मला वाटलं. मी चहा मागवला. चहा संपला तरी ते पाकीट उलटंसुलटं करत होते.

"कुटनं तरी उठून आलं बिचारं," शेवटी म्हणाले. "इतकी वर्सं हितं बसलंय. आता काय उपटून काडायचं?"

आणि ते पाकीट त्यांनी संग्रहाच्या पहिल्या पानावर ठेवलं. निघताना दारात वळून माझ्याकडे पाहिलं. "तुमी पन बसा." त्या दिवसानंतर माझ्या शिक्क्याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. मला मात्र तिच्यावाचून चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

गेल्या वर्षी ते गेले. बाराव्याला मी कोनला गेलो. त्यांच्या बायकोशिवाय ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून मांडवाच्या खांबाशी उभा राहिलो. त्यांच्या थोरल्या बहिणीने मला न्याहाळलं.

"तुमी कुटले?"

'मूळचा' ओठांवर आलंच होतं.

"पनवेलचा हाय," मी म्हणालो.

"मंग पावन्यावानी उभं काय? बसा पंगतीला."

मी बसलो.