शून्य लांबीचा तुकडा

कालव्याकाठची निम्मी फेरी झाली तरी माझा दीर पायाखालीच बघत चालला होता. तो संगणकाच्या मूळ प्रणालीवर काम करतो, आणि घराबाहेर पडताना गॅस दोनदा बघतो. शेवटी मीच विचारलं, "कामावर काही बिनसलंय का?"

"वहिनी, संगणकाकडे निरोप छोट्या पाकिटांतून येतात. पाकिटातल्या प्रत्येक तुकड्यावर त्याची लांबी लिहिलेली असते. तेवढं पुढे सरकायचं आणि पुढचा तुकडा वाचायचा. कुणी मुद्दाम शून्य लिहिलं तर?"

"तर सरकणारच नाही."

"हो ना! तोच तुकडा वाचत बसतो, आणि सगळं मशीन अडकतं."

"म्हणजे तुझा भाऊ फ्रिज उघडून उभा राहतो तसं."

तो हसला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला. शून्य आहे का हे तपासणारी ओळ अकरा वर्षांपूर्वी त्याच्याच हातून लिहायची राहिली होती. बाहेरच्या कुणीतरी आता ती चूक कळवली होती. तो भाग हल्ली दुसऱ्या बाई सांभाळतात, म्हणून बोल त्यांना लागत होता.

"उद्या त्यांना जाब विचारणार आहेत. त्याआधी मी साहेबांना पत्र देतोय, चूक माझी आहे असं."

"आणि तुझी नोकरी?"

"बघू."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

"तुमचं मराठी पक्कं आहे. कामाचा ताण होता, मुदत कमी होती, अशी कुठे सबब सांगितली असेल, तर तेवढी ओळ खोडा."