माझं वाक्य दुसऱ्या प्रकारात

मी धानोऱ्याला अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. इंग्रजीचे सर ‘इफ’ची वाक्यं शिकवत होते. जे घडू शकतं ते पहिल्या प्रकारात : ‘इफ इट रेन्स, आय विल स्टे होम.’ जे घडणारच नाही, नुसती कल्पना, ते दुसऱ्या प्रकारात : ‘इफ आय वेअर अ बर्ड, आय वुड फ्लाय.’ मला चटकन कळलं. मग ते एकेकीला फळ्यावर वाक्य लिहायला बोलावू लागले.

माझ्या आधी एका ठेकेदाराची मुलगी गेली. तिनं लिहिलं, ‘इफ आय बिकम अ डॉक्टर, आय विल लिव्ह इन नागपूर.’ सर म्हणाले, “व्हेरी गुड.”

त्याखाली मी लिहिलं, ‘इफ आय बिकम अ डॉक्टर, आय विल वर्क इन धानोरा.’ सरांनी डस्टर उचललं. ‘बिकम’चं ‘बिकेम’ केलं, ‘विल’ पुसून ‘वुड’ लिहिलं.

“सर, माह्यं काऊन चुकलं? तिचं बी तसंच हाय ना.”

“तिचं होऊ शकते,” सर हसत म्हणाले. “तुझा बाप तलावात मासे धरते ना? तुझं वाक्य दुसऱ्या प्रकारात.”

वर्ग खिदळला. ती मुलगी मात्र हसली नाही, खाली बघत राहिली. माझे कान तापले. तळहातानं ‘वुड’ पुसून मी पुन्हा ‘विल’ लिहिलं. सरांनी मला वर्गाबाहेर काढलं.

घरी आई मासे साफ करत होती. सगळं ऐकून म्हणाली, “म्हंजे तुले पाखराच्या लायनीत बसवलं?”

दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत प्राचार्यांकडे आली. ते म्हणाले, “सर मोठे आहेत बाई. पोरीला माफी मागायला सांगा, विषय संपवा.”

“माफी कायची जी?” आई म्हणाली आणि माझा हात धरून बाहेर पडली. मी माफी मागितली नाही.

मी डॉक्टर झाले नाही. प्रवेश परीक्षेत दोन्ही वेळा मार्क कमी पडले. “म्हणजे सरांचंच खरं झालं,” असं नातेवाईक म्हणतात तेव्हा अजून डोकं फिरतं. परीक्षा मी दिली, नापास मी झाले, ते माझं मला मान्य आहे. पण मी बसायच्या आधीच निकाल लावायचा हक्क त्यांना कोणी दिला? आणि तोही व्याकरणाच्या नावाखाली?

आता राजुऱ्याच्या शाळेत मीच इंग्रजी शिकवते. मागच्या वर्षी चंद्रपूरला शिक्षकांच्या प्रशिक्षणात तेच सर भेटले. चहाच्या सुट्टीत मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना काहीच आठवेना. कप खाली ठेवत म्हणाले, “असं म्हणालो असेन, तर सॉरी बेटा.”

“‘असेन तर’ नाही सर,” मी म्हणाले. “तुम्ही म्हणालात.”

आजूबाजूच्या बाया बघायला लागल्या. सरांनी कप पुन्हा उचलला. दुपारच्या सत्रात ते माझ्या मागच्याच रांगेत बसले होते. मी एकदाही वळून पाहिलं नाही.