दोरीपर्यंतचे एकोणीस दगड

आमच्या बागवाल्याला खुंटीकाका हे नाव आईने ठेवलं. त्यांच्या पिशवीत कुदळ-खुरपं नंतर, आधी लाकडी खुंट्यांची जुडी. नव्या घराचं अंगण तेव्हा अंगण म्हणावं असं नव्हतंच. सिमेंटचे वाळलेले गोळे, तारांचे तुकडे आणि गवंड्याने टाकून दिलेला एक बूट. बाबांना महिन्याभरात हिरवळ हवी होती.

काका म्हणाले, "राडारोडा आठ दिवसांत काढतो. पण पायवाट तुम्ही आखायची. दीड महिना जसं वाटेल तसं चाला. पाऊल पडेल तिथे मी खुंटी ठोकीन. शेवटी खुंटीच्या जागी दगड."

"म्हणजे घाम आम्ही गाळायचा आणि तुम्ही ठोकाठोकी करणार!" बाबा म्हणाले.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हट्टी, मोजकं बोलणारा आणि स्वतःच्या अकलेवर भलताच खूश. चाळीस वर्षं बागा केल्या होत्या. लोक आखलेली वाट सोडून हिरवळ तुडवतात, हे त्यांना फार लागायचं. म्हणून पायाला विचारल्याशिवाय दगड बसवायचा नाही, हा त्यांचा नियम. आईला तो एकदम पटला. बाबा लांब ढांगा टाकत कायम दोन पावलं पुढे, मागे वळून "अगं, चल ना लवकर" म्हणणारे. तिच्या पावलाला विचारणारं कुणीतरी प्रथमच भेटलं होतं.

कपडे वाळत घालायला आई स्वयंपाकघराच्या दारातून कुंपणाजवळच्या दोरीपर्यंत जायची. काका संध्याकाळी माती भिजवून ठेवत आणि सकाळी तिच्या ठशांवर खुंट्या ठोकत. पहिल्या आठवड्यात अकरा खुंट्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात चौदा. काकांनी जुन्या उपटून नव्या जवळजवळ ठोकल्या.

"वहिनी जपून चालतात," ते म्हणाले.

"मग काय पळत सुटू या वयात?" आई म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

सहाव्या आठवड्यात एकोणीस. ऑफिसच्या गडबडीत मी त्या खुंट्यांना अडखळले आणि चिडले. "एवढ्या जवळ? ही काय बालवाडी आहे?"

"ही तुमच्या आईची वाट आहे, ताई," काका ताठ मानेने म्हणाले. "बोटभराचा फरक निघाला तर नाव बदलीन."

दगड बसले. चौथ्या दिवशी आई ओल्या कपड्यांच्या बादलीसकट बाराव्या दगडावर बसली आणि तिला उठताच येईना. डॉक्टर म्हणाले, हृदय दोन महिने तरी थकलेलं असणार. दम लागत होता, हे तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं. नव्या घराच्या आनंदात आपली रड कशाला, असं वाटलं म्हणाली. दहा दिवसांत ती गेली.

पंधरवड्याने काका रोपं घेऊन आले आणि माझा तोल सुटला. "तुम्हाला दिसत होतं! दर आठवड्याला खुंट्या वाढत होत्या. एकदा, एकदा विचारलं असतंत, वहिनी, पाऊल का आखडलं?"

काका मटकन खाली बसले. "दिसत होतं ताई. मला वाटलं, माझं माप बरोबर येतंय. मी मापच बघत राहिलो." म्हातारा माणूस ढसाढसा रडला. मला त्यांना शिव्या घालायच्या होत्या; पण त्याच खुंट्यांना मी अडखळले होते. मी तर तिची मुलगी.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि पहार उचलली. "काढून टाकतो हे दगड. कुणाच्याच उपयोगाचे नाहीत आता."

बाबा दारात उभे होते. "हात लावू नका," एवढंच म्हणाले.

हिरवळ आता छान धरली आहे. काका येतात, पाणी घालतात, मान वर करत नाहीत. कपडे बाबा वाळत घालतात. दोरीपर्यंत त्यांना आठ पावलं पुरतात. पण रोज सकाळी ते बादली घेऊन निघतात आणि एकही दगड न गाळता एकोणीस पावलं टाकतात. बाराव्यावर थोडा वेळ उभे राहतात.