पिवळ्या फुलांचा पिंपळ

बाभुळगावजवळच्या आमच्या वस्तीतल्या बागेत पिंपळाला पिवळी फुलं येतात. याचं श्रेय आजवर माझा साळा श्यामराव याला मिळत आलं. ते त्याला नको होतं. खरं श्रेय माझं आहे. (आणि एका बकरीचं.)

धम्मदीक्षा घेऊन वर्ष झालं होतं. वस्तीनं ठरवलं, उकिरड्याच्या जागी सगळ्यांची बाग करायची. दर रविवारी घराघरातून माणसं श्रमदानाला येत. बाया घमेली उचलत, पुरुष खोदत, आणि मी सातवी पास असल्यामुळे मुख्यतः सूचना देत असे! मधोमध बोधिवृक्ष हवा, म्हणून श्यामरावनं यवतमाळहून सायकलवर पिंपळाचं रोप आणलं. ऊन लागू नये म्हणून स्वतःचा सदरा काढून त्याला गुंडाळला होता. रोप झाकलेलं आणि श्यामराव उघडा!

रोप लावलं, भोवती काट्यांचं कुंपण केलं. राखण माझ्याकडे.

"आन् आपली बकरीबी पाहा," बायको रुक्मा म्हणाली. "लोकायच्या वाफ्यात जाऊ नोका देऊ तिले."

एक माणूस दोन राखणी कशा करणार? मी डोकं चालवलं. बकरीला कुंपण ओलांडता येत नाही ना? मग बकरी कुंपणाच्या आतच बांधली! आता लोकांच्या वाफ्यांना धोकाच नाही. मी समाधानानं कडुलिंबाखाली आडवा झालो.

उठलो तेव्हा बकरी रवंथ करत होती आणि बोधिवृक्ष तिच्या पोटात होता.

दुसऱ्या दिवशी रविवार! मी नाल्याकडे धावलो. तिथं हुबेहूब पिंपळाच्या पानांचं एक रोप दिसलं. तेच आणून लावलं. सकाळी सगळे खूश.

"पाहा, कसा वाढून राह्यला!" म्हणत श्यामरावनं डोळे पुसले. आता खरं कोणत्या तोंडानं सांगणार?

काही वर्षांनी झाड पिवळ्याधमक फुलांनी डवरलं. आर्णीचा एक पाहुणा हसतच सुटला. "अरे, हा तं पारसपिंपळ होय! पानं तेवढी पिंपळाची, बाकी सारं खानदान भेंडीचं!"

झालं! श्यामरावची पत गेली.

"काहो श्यामराव, बैल आणाले गेलते तवा म्हैस तं नाही न आणली?"

"मी पिंपळच आणलता!" तो कळवळून सांगे. कुणी ऐकेना. पुढे त्याला बाजारातून वांगी आणायलाही कुणी सांगेना. सगळ्यांत मोठ्यानं हसत असे मी. (भीतीनं!)

परवाच्या रविवारी बागेत सगळ्यांसमोर मी एकदाचं सांगून टाकलं. म्हाताऱ्या श्यामरावनं फावडं खाली ठेवलं.

"म्हंजे भाऊजी, मी पिंपळच आणलता?"

"हो."

"तिकडचे लोकं जरा बहिरे हायेत. पुन्हा सांगा."

सांगितलं.

"आता पाहुण्याच्या गावाकडं तोंड करून सांगा!"

मी आर्णीच्या दिशेनं ओरडलो. श्यामराव इतका हसला की त्याला धरून बसवावं लागलं.

त्यानं आता पिंपळाचं नवं रोप आणलं आहे. जुन्या झाडाशेजारी ते लावलं, पानंही फुटली. भोवती लोखंडी जाळी आहे, जाळीला कुलूप आहे. वस्तीत आता एकही बकरी उरलेली नाही. पण मी आहे ना! म्हणून किल्ली माझ्याशिवाय सगळ्यांकडे आहे.