यूसुफभाईंची नाव आणि माझी

वडशाजवळ वैनगंगेच्या काठी आम्ही दोघं एकाच मांडवात नावा बांधतो. लाकूड तासताना पडलेल्या ढलप्या संध्याकाळी चुलीत जातात, किस्से मात्र साचून राहतात. आणि सगळे यूसुफभाईंचेच! माझा एक नाही. जळू नको तर काय करू?

लाकडाच्या डेपोत मी आपला सरळसोट सागवान शोधतो. यूसुफभाई थेट जळाऊ ढिगात घुसतात आणि वाकडी फांदी उचलतात. एकदा डेपोचा गार्ड हसला, "भाऊ, यानं चूल पेटते, नाव नाई बनत!"

"नावेची फासळी वाकडीच लागते ना साहेब! देवानंच वाकवून ठेवली, मी काऊन मेहनत करू?"

तेव्हापासून गार्ड वाकडं लाकूड त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. माझ्यासाठी आजवर साधी काडी ठेवली नाही.

एकदा मोबाइलवर व्हिडिओ सापडला. हजारेक वर्षांपूर्वीचे, थंड मुलखातले व्हायकिंग लोक! ओलं खोड करवतीनं कापत नसत, पाचरी ठोकून लाकडाच्या रेषेरेषेनं फाडत. फळी पातळ, तरी चिवट. फासळ्या वाकड्या फांद्यांच्याच! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, "पाहा यूसुफभाई, तुमच्या आधीच करून ठेवलं यायनं!"

त्यांनी डोळे भरून पाहिलं. "वा! म्हंजे मी बरोबरच करून राह्यलो!"

घ्या! उतरवायला गेलो आणि आणखी चढवून आलो.

मग मीही सगळ्यांसमोर एका खोडात तशीच पाचर ठोकली. खोड आतून पिळलेलं निघालं, चीर भलतीकडेच गेली. त्या तुकड्याचा चहाच्या टपरीपुढे बाक झाला. आता लोक त्याच बाकावर बसून यूसुफभाईंचे किस्से सांगतात!

यंदा आमच्या दोघांच्या नव्या नावा एकाच घाटाला लागल्या. आपली नाव कुणीतरी आधी निवडावी, एवढीच माझी इच्छा होती. तेवढ्यात बायको आली. नदीपलीकडे माहेरी निघाली होती, कडेवर आमची सहा महिन्यांची पोरगी. मी ऐटीत माझी नाव धरून उभा राहिलो.

तिनं दोन्ही नावा पाहिल्या आणि यूसुफभाईंच्या नावेत जाऊन बसली.

"अवं, आपली नाव इथी आहे!"

"पाह्यली ना."

"मंग?"

तिनं पोरीला पदराखाली घेतलं.

"लेकरू आहे ना संगं!"